चार किलोचा गोळा, साडेतीन किलोची अकॅडमी

गोळा भरला ३ किलो ५४० ग्रॅम. तीनदा ठेवून बघितला. काटा शून्यावर आणून परत ठेवला. शेवटी आपलाच काटा चुकतोय की काय म्हणून शेजारी शिक्क्याचं दोन किलोचं वजन ठेवलं, ते बरोबर दोन किलो. माझं किराणा दुकान आहे. काट्यावर वैधमापनचा शिक्का आहे आणि सव्वीस वर्षांत वजनावरून एकाही गिऱ्हाइकानं माझ्याशी वाद घातलेला नाही. भावावरून घातलाय, ती गोष्ट वेगळी.

हा गोळा आमच्या धाकटीच्या पोलीस भरती अकॅडमीतला. मुलींचा गोळा चार किलोचा असतो हे भरतीवाल्या घरातल्या मांजरालासुद्धा माहीत असतं, तेव्हा ते समजावत बसत नाही. ४६० ग्रॅम कमी म्हणजे साडेअकरा टक्के तूट. साखरेच्या ५० किलोच्या पोत्यात पावणेसहा किलो कमी भरले तर मी व्यापाऱ्याचं पोतं उतरवून घेणार नाही. इथं मी पोरीचे आठ महिने उतरवून घेतले होते.

सुरुवातीला ज्यांनी ज्यांनी दुकानात येऊन विचारलं, त्यांना मी सांगितलं होतं की अकॅडमी एक नंबर आणि आयटीआय म्हणजे वेळेचा नास. त्यातलं निम्मं आज मागं घेतो. कुठलं निम्मं, ते वाचत जा.

तर २०२३ मध्ये दोन्ही पोरींचं एकदमच निघालं. थोरलीला पार्लरचं शिकायचं होतं. धाकटी बारावी झालेली, तिला खाकी वर्दी पाहिजे. तुरचीचं पोलीस प्रशिक्षण केंद्र आमच्याच सांगली जिल्ह्यात, तिथल्या रिक्रूट पोरांना रस्त्यानं ओळीत पळताना बघत लहानाची मोठी झाली, ते डोक्यात बसलं. मंडळींचं म्हणणं एकच, दोघींना सारखं द्या. मी सारखंच देणार होतो, फक्त किती ते माझ्या मनात होतं.

थोरलीसाठी आधी एका शहरातल्या खासगी ब्यूटी अकॅडमीत चौकशी केली. काचेचं दार, एसी, भिंतीवर परदेशी बाया. तीन महिने, रोज दोन तास, ६५ हजार. ‘आंतरराष्ट्रीय डिप्लोमा’ मिळणार. मी विचारलं, कुठल्या देशात चालतो? काउंटरवरची मुलगी म्हणाली, सगळ्याच. बाहेर येऊन जिन्यावरच हिशेब केला, तासाला ४१६ रुपये पडत होते. एवढ्यात आमच्याकडं दोन बायका दिवसभर शेंगा फोडून देतात.

मग तालुक्याच्या सरकारी आयटीआयमधला कॉस्मेटॉलॉजी ट्रेड निघाला. दहावी पास, एक वर्षाचा, वयाची वरची अट नाही (तिच्या वर्गात बेचाळीस वर्षांची एक बाई होती, दोन लेकरांची आई, आणि प्रॅक्टिकलला तीच पहिली आली). वर्षाची फी अठराशेच्या आसपास. पाहुण्यांनी विचारलं, पोरीला फिटर करणार काय? मी म्हटलं, वेल्डर. वर्षाचे १,२०० तास, त्यातले ८४० प्रॅक्टिकलचे. तासाला दीड रुपया. एवढं स्वस्त बघितल्यावर मला संशय यायला पाहिजे होता आणि तो आलाच.

पहिले चार महिने मी आयटीआयला दुकानात बसून शिव्या दिल्या, ते खोटं सांगत नाही. वर्गात केस कापायची हायड्रॉलिक खुर्ची होती, पण तेल गळून ती खाली बसलेली, वर प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. पोरी प्लास्टिकच्या खुर्चीखाली दोन विटा लावून काम करायच्या. वॅक्स, क्रीम असा कच्चा माल टेंडरच्या वाटेनं यायचा. तोपर्यंत नुसती थिअरी, त्वचेचे थर, केसाचं मूळ, नखाचे रोग. पोरगी घरी येऊन जर्नलमध्ये केसाचं चित्र काढत बसायची. मी म्हटलं, हे तर शाळेतच झालं होतं. विद्यावेतन म्हणून पूर्वी महिन्याला ४० रुपये मिळायचे, ते ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनं ५०० केले. उत्पन्नाच्या अटीत बसलो म्हणून आम्हालाही लागू झाले. पण जमा कधी होणार हे विचारायला गेलं की टेबल बदलायचं.

इथं माझी एक चूकपण सांगतो. मॅडमनी सांगितलं होतं की सरावाची डमी खऱ्या केसांची घ्या. ती डमी म्हणजे नुसतं मुंडकं, मान आणि खाली क्लॅम्प. खऱ्या केसांची ३,२०० ला होती. मी ९०० ची आणली. दिसायला तीच, उलट केस जास्त चमकत होते. पहिल्याच दिवशी स्ट्रेटनर लावला आणि केस वितळून पट्टीला चिकटले. घरभर चप्पल जळाल्याचा वास. वर स्ट्रेटनरपण गेला, तो मॅडमचा होता. ३,२०० ची डमी घ्यावीच लागली. स्वस्तातला माल दोनदा घ्यावा लागतो हे मी रोज गिऱ्हाइकाला ऐकवतो, म्हणून हे घरात कोणी हसून सोडून दिलं नाही. ते मुंडकं रात्री कपाटावर ठेवलेलं असायचं. आमची आई दोनदा दचकून उठली, मग त्याच्यावर टॉवेल टाकायची पद्धत पडली.

माझं मत फिरलं ते जानेवारीत. थोरली दुपारी दुकानात आली आणि म्हणाली, “पप्पा, लहान काटा द्या.” मी मसाल्याला वापरतो तो, ग्रॅमवाला. तिनं वाटी ठेवली, शून्य केलं, हेअर कलर ४० ग्रॅम घेतला, वर डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साइडचं क्रीम, ६० ग्रॅम. म्हटलं, चमच्यानं नाही का चालत? तर म्हणाली, ट्यूबवर एकास दीड लिहिलंय ते वजनानं, आणि डेव्हलपर कितीचा हे आधी बघायचं. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. पांढरे केस झाकायला वीस बास. चाळीस लावून ‘लवकर होतंय’ म्हणणारे पार्लरवाले टाळू जाळतात. मी तिच्याकडं बघतच राहिलो. दोन्ही पोरींत माझ्यासारखं कोण, यावर घरात नेहमी वाद व्हायचा. तो त्या दिवशी मिटला.

पण खरी परीक्षा आमच्या आक्काची. विट्याला असते, भाचीच्या लग्नाला आलेली. केस काळे करून पाहिजेत, लगेच. थोरली म्हणाली, आधी कानामागं ठिपका लावते, याला पॅच टेस्ट म्हणतात, दोन दिवस थांबायचं. आक्का म्हणाली, मी पंधरा वर्षं लावतेय, तू मला शिकवू नको. थोरली हटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काचा कान टोमॅटो. खाज, सूज, डॉक्टरकडं जावं लागलं. एका ठिपक्यावर हे, तर पूर्ण डोक्यावर काय झालं असतं? काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, ते अंगाला चालता चालता एखाद्या वेळी अचानक चालेनासं होतं, असं पोरीनं सांगितलं. ‘काळी मेंदी’ म्हणून जी पुडी खपते त्यातसुद्धा ते असतं. ती पुडी सव्वीस वर्षं मी स्वतः विकतोय! मागं बारीक अक्षरात लिहिलंय की आधी चाचणी घ्या. मी कधी वाचलं नव्हतं. आता पुडी देताना तोंडानं सांगतो. दोघा-तिघांनी पुडी परत ठेवली, तो तोटा मी आयटीआयच्या नावावर टाकलाय.

६५ हजारवाल्यांनी हे शिकवलं असतं का? कदाचित असतंही. पण त्यांच्याकडं शिकलेली आमच्या गल्लीतली पोरगी ब्रायडल मेकअप झकास करते आणि पॅच टेस्ट म्हटलं की विचारते, ते काय?

आता धाकटी.

अकॅडमीचं बिल सरळ सांगतो. प्रवेश ५,०००, महिना २,५०० प्रमाणे आठ महिन्यांचे २०,०००, ट्रॅकसूट १,८००, नोट्सचा संच ९००. एकूण २७,७००. प्रवेश फीची पावती मागितली तर सर म्हणाले, “आण्णा, आपल्यात पावती कसली.” हे वाक्य लक्षात ठेवा. दिवसाला चार तास, महिन्याला सव्वीस दिवस धरले तर तासाला ३३ रुपये. महाग नाही. पहाटे पाचला पोरं-पोरी मैदानावर, सर स्वतः शिट्टी घेऊन हजर. आठ महिन्यांत त्यांनी एकदा दांडी मारली, तीही वडील वारले तेव्हा. असा माणूस बघितला की आपण बाकीचं तपासत नाही.

मैदानी चाचणी ५० गुणांची, ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. धाकटीचं ८०० मीटरचं टायमिंग सुरुवातीला साडेतीन मिनिटांच्या पुढं होतं. मे महिन्यात तिनं २ मिनिटं ४८ सेकंद काढले. पैकीच्या पैकी गुणांसाठी २.५० च्या आत यावं लागतं, म्हणजे काम झालं. गोळा सहा मीटरच्या पुढं गेला की त्यातही पूर्ण गुण, आणि अकॅडमीत ती ६.२० आरामात टाकायची. मी मनात पेढ्यांची ऑर्डर दिली होती.

२०२४ ची भरती १७,४७१ जागांची. मैदानी चाचण्या १९ जूनला सुरू झाल्या, ऐन पावसात. धाकटी पळाली मस्त. गोळा गेला ५.४५. मी बाहेर उभा होतो, तिचा चेहरा बघूनच कळलं. म्हणाली, “पप्पा, गोळा जड लागला.” मी म्हटलं, पावसानं हात गार पडला असेल, ताण असेल. सर म्हणाले, मैदानावर सगळ्यांचंच कमी जातं. लेखीला पात्र ठरली, लेखी दिली आणि शेवटच्या यादीत दोन गुणांनी राहिली.

दोन गुण. मग तो गोळा वर्षभर आमच्या दुकानाच्या दाराला टेकण म्हणून पडला होता. घरी सरावाला म्हणून तिनं अकॅडमीतून आणलेला, परत न्यायचा राहिला. दिवाळीआधीच्या एका रिकाम्या दुपारी मी सहज उचलून काट्यावर ठेवला. पुढचं वर लिहिलंच आहे.

मंडळी म्हणतात, लेखीत व्याकरणाचे सात प्रश्न चुकले ते विसरलात का? नाही विसरलो. समास आणि प्रयोग तिला शाळेपासून येत नाहीत. पण व्याकरणाचं मला वजन करता येत नाही. गोळ्याचं येतं. ४६० ग्रॅम. त्या रात्री मी झोपलो नाही. गोळा कुठून आणला असेल, ओतीव आहे का, आत पोकळी राहिली असेल का, याचाच विचार. सकाळी शेजारच्या लेथवाल्याला दाखवला. तो म्हणाला, भंगारातलं ओतकाम आहे, आत हवा राहिली असणार, वरून रंग मारलाय. पुतण्या त्याच अकॅडमीत, त्याला पोरांचा गोळा गुपचूप आणायला लावला. तो ७.२६० पाहिजे, म्हणजे मूळचे सोळा पौंड, म्हणून तो असला वाकडा आकडा. भरला ७.१९०. म्हणजे पोरांचा जवळजवळ बरोबर आणि पोरींचा साडेअकरा टक्के कमी. यावर मंडळी जे बोलल्या ते इथं लिहीत नाही.

नोट्सचं पण सांगतो, आता चिडलोच आहे तर. ९०० रुपयांच्या संचात ‘कायद्याची ओळख’ म्हणून चाळीस पानं. खून ३०२, फसवणूक ४२०, सगळं भारतीय दंड विधानातलं. हा संच मिळाला २०२४ च्या मे महिन्यात. नवे तीन फौजदारी कायदे संसदेत डिसेंबर २०२३ मध्येच मंजूर झाले होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू होणार हे फेब्रुवारीतच जाहीर झालं होतं. भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा १०३ मध्ये आहे, फसवणूक ३१८ मध्ये. ५११ कलमांची ३५८ झाली. आणि नव्या संहितेत ३०२ म्हणजे काय तर धार्मिक भावना दुखवायच्या म्हणून मुद्दाम बोललेले शब्द. उद्या हवालदार झाल्यावर पोरगी खुनाच्या पंचनाम्यावर ३०२ लिहिणार होती? धाकटी म्हणाली, पप्पा, लेखीत कायदा हा वेगळा विषयच नाही, गणित, बुद्धिमत्ता, व्याकरण आणि सामान्य ज्ञान एवढंच असतं, भरती झाल्यावर ट्रेनिंगमध्ये सगळं शिकवतात. मग मी म्हटलं, विषयच नाही तर चाळीस पानांचे पैसे कशाला घेतले? यावर ती गप्प बसली. नव्या तिन्ही कायद्यांची पुस्तकं तिनं नंतर स्वतः आणली. आता जेवताना झीरो एफआयआर, आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यकवाले जागेवर आलेच पाहिजेत, असलं काहीबाही ऐकवत असते. मला एवढंच कळलं की गिऱ्हाइकाला ‘चारसोबीस’ म्हणायची सोय गेली. ‘तीनशे अठरा’ म्हटलं तर त्याला शिवी लागणार नाही.

दोघी बहिणी त्यावरून भांडतातपण. थोरली म्हणते, माझ्या कामात कोर्टकचेरी नाही. धाकटीनं एकदा तिला ऐकवलं, तुझ्या कामालाच सुप्रीम कोर्टात जावं लागलं होतं. ते खरं निघालं, आयटीआयच्या मॅडमनीही वर्गात सांगितलं होतं. मुंबईच्या सिनेमावाल्यांच्या संघटनेत बाईला मेकअप आर्टिस्ट म्हणून कार्डच देत नसत. बाईनं केस करायचे, चेहऱ्याला रंग पुरुषानंच लावायचा. चारू खुराना नावाच्या बाई लढल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ ला कोर्टानं ती अट काढून टाकली. २०१४! मला वाटलं १९१४ असेल.

इथपर्यंत लिहून मी वही मिटली होती. अकॅडमीला एक तारा द्यायचा, तोही पाचच्या शिट्टीबद्दल, असं ठरलं होतं. पण मधल्या आठवड्यात सर स्वतः दुकानात आले. पुतण्यानं सांगितलेलं दिसत होतं. मी काही न बोलता गोळा काट्यावर ठेवला. त्यांनी आकडा बघितला, पुन्हा स्वतः ठेवून बघितला. मग म्हणाले, “आण्णा, हलक्या गोळ्यानं हाताचा वेग वाढवायचा, ही पद्धत असते. पण तो वेगळा ठेवायचा, खुणेचा. हा त्यातला आहे असं मी म्हणणार नाही. मी वजन केलंच नव्हतं. दुकानदारानं चार किलो म्हणून दिला, मी घेतला.”

मला भांडायचं होतं. वाक्यं तयार होती. पण माणूस खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. दुकानदारानं सांगितलं आणि मी वजन न करता घेतलं, हे ऐकल्यावर आपण कुठल्या तोंडानं बोलायचं? ९०० ची डमी मीच आणली होती.

हलक्या-जड गोळ्याच्या सरावाचं मी नंतर दोन खेळाडूंना विचारलं, ती पद्धत खरी आहे. फक्त शेवटचे काही आठवडे नेमक्या वजनाचाच गोळा हातात पाहिजे, म्हणजे अंगाला त्याची सवय लागते. एवढं जरी त्या पोरींना माहीत असतं! धाकटीच्या बॅचच्या तीन मुली त्याच गोळ्यावर तयार झाल्या. त्यातली एक भरती झाली, गोळ्यात कमी पडूनसुद्धा. हे मला मंडळींनी मुद्दाम दोनदा सांगितलं.

आता आजची स्थिती. थोरलीला आयटीआय संपून सव्वा वर्ष झालं. परीक्षेत थिअरी कॉम्प्युटरवर, प्रॅक्टिकलला पास व्हायला ६० टक्के लागतात, तिला ८१ पडले. सर्टिफिकेटवर माझ्या नावात एक अक्षर चुकलंय. दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन करून झालाय, हेलपाटे चालू आहेत. आधी शहरातल्या एका सलूनमध्ये नऊ महिने केले. एसटीचं तिकीट बायकांना निम्मं असल्यामुळं ते परवडलं, नाहीतर पगार एसटीतच गेला असता. आता घरच्या पुढच्या खोलीत स्वतःचं टाकलंय. लग्नसराईत नऊवारी नेसवायच्या ऑर्डरी मेकअपपेक्षा जास्त येतात, आणि नेसवणं ती आयटीआयमध्येच शिकली. भांडवल ३८ हजार लागलं, त्यातली सगळ्यात महाग वस्तू हायड्रॉलिक खुर्ची. मी म्हटलं, विटा आहेत की. तिनं फक्त बघितलं. खुर्ची आली.

आयटीआयला मी साडेतीन तारे देतो. अर्धा तारा आक्काच्या कानाचा. खुर्ची दुरुस्त केली तर चार. हजेरी ऐंशी टक्के लागते, तेव्हा सासरी-माहेरी ये-जा करणाऱ्यांनी विचार करून घ्यावं.

अकॅडमीला अडीच. धाकटी परत तिथंच जाते, तो तिचा निर्णय. मी फी हप्त्यानं देतोय आणि दर हप्त्याला सही घेतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पंधरा हजारांच्या वर जागा भरायला मंजुरी मिळालीय, त्यासाठी तयारी चालू आहे. सरांनी नवीन गोळे आणले. आणल्या आणल्या दोन्ही माझ्या काट्यावर आले, पोरींचा ४.०१० आणि पोरांचा ७.२६५. तिसऱ्या दिवशी धाकटीनं ५.७० टाकला. पहिल्या दिवशी ५.३० होता.

जुना गोळा अजून माझ्याकडं आहे, दाराला टेकण म्हणून. सर दोनदा मागून गेले. पाच हजारांच्या प्रवेश फीची पावती आणा आणि घेऊन जा, म्हटलंय.